पूजलेला माल परत घेतला जाणार नाही

मुरुमच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर हत्यारं मांडून बसणाऱ्यांची मला चीड आहे, आणि ती घ्यायला वाकणाऱ्यांची त्याहून जास्त. चकचकीत पाने, लाल दांड्यांच्या पकडी, प्लॅस्टिकच्या डब्यात ओळीनं झोपवलेले पेचकस. वर पुठ्ठ्यावर छापील किंमत, तिच्यावर आडवी काट आणि खाली तिच्या निम्म्याहून कमी आकडा. ती काट दिसली की आमच्या गावच्या माणसाची अक्कल तिथंच ताडपत्रीवर गळून पडते. घरातला एक स्क्रूसुद्धा ढिला नसतो, पण पेचकसांचा सेट हवाच असतो.

हे घेणारे सुतार नसतात, मेकॅनिकही नसतात. त्यांची हत्यारं वेगळी, आणि ती ते दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. हे घेतात आमच्यासारखे हौशी. किराणा दुकानदार शंभुलिंग चिमण्यांसाठी लाकडी घरटी करतो. आजवर एकाही चिमणीनं त्यांत पाय ठेवलेला नाही. एका घरट्यात सरडा राहत होता, तोही कंटाळून निघून गेला. मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी जुने रेडिओ खोलतो. खोललेला रेडिओ मी पुन्हा जुळवल्याचं मुरुममध्ये कुणी पाहिलेलं नाही. तरी दरवर्षी आम्ही नवी हत्यारं घेतो, कारण घरटं आणि रेडिओ बिघडतात ते हत्यारामुळंच, अशी आमची पक्की समजूत आहे.

अशा गावात गुंडाप्पाकाकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. बसस्टँडच्या रस्त्याला, खिळे, कड्या, बिजागऱ्या, दोर, पंपाचे वायसर असलं सगळं. गल्ल्यावर आता पोरगा महांतेश बसतो. काका बाहेरच्या ओट्यावर असतात. ओट्याला एक जुना वाइस, वस्तू जबड्यात घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शेगडा, बोल्टनं आवळून बसवलेला आहे आणि त्याच्याशेजारी एक हातभर लोखंडी पाइप पडलेला असतो. काकांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बिनबाह्यांची बंडी, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरच्यानं काहीतरी नासलेलं आणलं आहे. गिऱ्हाईक कोण आहे ते बघून तो भाव बदलत नाही. जिल्ह्याच्या साहेबाला आणि गल्लीतल्या न्हाव्याला ते सारख्याच तोंडानं हिणवतात.

आमच्याकडं खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरोघरी हत्यारं धुऊन देवापुढं मांडतात. नांगराचा फाळ, विळा, कात्री, पाना, ज्याचं जे असेल ते. लिंगायतांच्या घरी विभूती लावतात, बाकीच्यांकडं कुंकू, आणि वर झेंडूचं फूल. यात काकांचा एक नियम होता, आणि तो हळूहळू सगळ्या गावाचा झाला होता. एकदा विभूती लागली की ते हत्यार घरचं झालं. ते मोडायचं नाही, भंगारात घालायचं नाही, कुणाला परत करायचं नाही. म्हणून जे बघायचं ते आधी बघून घ्यायचं.

त्यामुळं अष्टमीच्या दिवशी, उन्हं उतरली की, लोक वर्षभरात घेतलेली नवी हत्यारं घेऊन काकांच्या ओट्याशी जमायचे. काका एकेक हत्यार वाइसमध्ये धरायचे, त्याला पाइप लावायचे आणि त्यावर अंग टाकायचे. टिकलं तर म्हणायचे, "इरली." मोडलं तर तुकडे मालकाच्या हातात देऊन म्हणायचे, "बेडा." आमच्या भागात कानडी घराघरात शिरलेली आहे. बेडा म्हणजे नको आणि इरली म्हणजे असू दे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कुणी म्हणालं की काका, नुसतं बघून सांगा, कशाला मोडता, तर ते फटकारायचे, "बघून सांगायला म्या काय ज्योतिषी हाय का?"

एका वर्षी शंभुलिंगनं घरट्याची भोकं कापायला ग्राइंडर आणलं होतं. काकांनी ते कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"कुठनं आणलंस?"

"बाजारातनं. लई स्वस्तात पडलं."

"मग एवढ्यात दवाखान्याचा पत्ता बी दिला असंल त्यानं. दिला का?"

लोक हसले. काकांनी ते वाइसमध्ये बांधलं, सगळ्यांना लांब सरकवलं आणि बटण दाबलं. चकती फुटून तिची एक कपची समोरच्या लिंबाच्या झाडात जाऊन रुतली. ती अजून तिथंच आहे, आणि शंभुलिंगची दोन्ही बुबुळंही अजून जागेवर आहेत.

स्वस्तातलं घेऊच नका, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. उलट महागडं हत्यार मिरवणाऱ्या हौश्याला ते जास्त झोडायचे. "वर्सातनं दोन बारी हात लागणार आन् कंपनीचा माल पायजे व्हय तुला? पाना घे, स्वस्तातला घे, निस्ता जाड बघून घे. क्लॅम्प घे, रंगाचा बुरुश घे. पण धार आसलेलं, गरगर फिरणारं आन् करंटला लागणारं स्वस्तात घिऊ नगं. आधी ह्ये बघायचं, मोडलं तर काय मोडतंय? हत्यार मोडलं तर हसून सोडून दे. बोट तुटलं तर त्ये कुठल्या डब्यात मिळतंय?"

एवढी साधी गोष्ट गावाला कळायला हवी होती. पण आम्ही ती ऐकायचो, माना डोलवायचो आणि पुढच्या बाजारात पुन्हा ताडपत्रीपुढं उकिडवे बसायचो.

काकांनी आयुष्यात फार काही कमावलं नाही. दुकान होतं तेवढंच राहिलं, घराला वरचा मजला चढला नाही. त्यांच्याजवळ होता तो शब्द. तो सगळ्यांना सारखा होता, भावाच्या मालालाही आणि व्याह्याच्या मालालाही. तोंडानं तिखट माणूस गाव सहन करतं ते एवढ्याचसाठी.

आता महांतेशबद्दल. तो सोलापूरला कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आला होता. त्यात काय शिकवलं ते मला माहीत नाही, पण परत आला तो छातीवर कुठल्यातरी कंपनीचं नाव असलेला शर्ट घालून आणि प्रत्येक वाक्यात 'मार्केट' घेऊन. बापानं ओट्यावर बसून गिऱ्हाईकाची हत्यारं मोडावीत, हे त्याला बघवत नव्हतं. त्याचं म्हणणं, लोक बाजारातनं घेतातच ना, मग आपल्याकडनंच घेतलेलं काय वाईट. बापापुढं हे बोलायची मात्र त्याची छाती नव्हती.

गेल्याच्या गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धाराशिवला गेले आणि लेकीकडं, शिवरंजनीकडं राहिले. डॉक्टरांनी वाकायचं नाही, प्रवास करायचा नाही असं बजावलं होतं. इकडं महांतेशनं टेम्पो भरून माल उतरवला. बत्तीस नगांचा सेट, निळा प्लॅस्टिकचा डबा, कंपनीच्या नावाच्या जागी नुसताच एक वाघ. छापील किमतीवर काट होतीच.

आता गोम अशी, की अष्टमीला काका परत येणार आणि ओट्यावर हे सगळं मोडून ठेवणार. यावर महांतेशनं जी शक्कल लढवली ती दुसऱ्या कुठल्या गावात चालली नसती. तो आईकडं गेला.

रुद्रम्माकाकू लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत. पोरगा सोलापूरहून आल्यापासून देवापुढं बसला नाही, हे दुःख त्या येईल त्याला सांगायच्या. त्याच पोरानं येऊन म्हटलं, "अव्वा, दुकानात नवा माल आलाय. नवरात्र हाय. तुज्या हातानं इबत्ती लाव." काकू हरखल्या. पदर खोचून त्या गोदामात बसल्या, डबे उघडून पकडीला, हातोडीला, पेचकसाला, एकेक नगाला त्यांनी विभूतीची बोटं ओढली. दुकानाची पूजा आहे, असंच त्यांना वाटत होतं. मंत्र म्हणत होत्या, असं महांतेशनंच मला हसत हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली. 'दसरा धमाका. पूजा केलेला हत्यारांचा सेट.' आणि खाली लाल अक्षरांत, 'पूजलेला माल परत घेतला जाणार नाही.'

"सर, अप्पांचाच नेम हाय," तो मला डोळा मारून म्हणाला. "इबत्ती लागली की मोडायचं न्हाय. म्या नेम मोडत न्हाय, पाळतोय."

गाव तुटून पडलं. सवलत आहे, वाघ आहे, आणि पूजेचे कष्टही वाचलेत. देवाचं कामसुद्धा आयतं डब्यात घालून मिळालं तर आमची माणसं पिशवी मागतात. शंभुलिंगनं दोन सेट घेतले. एक मी घेतला. हसण्यासारखं काही नाही, डबा खरोखरच छान होता.

अष्टमीला काका एसटीनं आले, काळा चष्मा लावून. संध्याकाळी ओट्यापुढं एवढी गर्दी होती, की स्टँडवरनं लोक विचारायला आले, काय झालं म्हणून. प्रत्येकाच्या हातात निळा डबा. कुणालाही हत्यारं तपासून घ्यायची नव्हती. बाप पोराच्या मालाचं काय करतो, ती गंमत बघायला आले होते सगळे. इतकी वर्षं ज्यांची हत्यारं मोडली, त्या सगळ्यांना एकदा काकांचा हात अडकलेला बघायचा होता. मी पुढच्या रांगेत होतो.

काकांनी शंभुलिंगच्या हातातली पक्कड घेतली, वाइसचं हँडल फिरवलं, आणि थांबले. चष्मा वर करून त्यांनी पकडीकडं बघितलं.

"हिला इबत्ती कुणी लावली?"

महांतेश गल्ल्यावरनं म्हणाला, "अव्वानं."

रुद्रम्माकाकू दारात आल्या. लोकांच्या हातातले डबे त्यांनी बघितले, मग डोक्यावरची पाटी वाचली. हळूहळू, अक्षर अक्षर लावून. त्यांचं तोंड उतरत गेलं ते मी बघितलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मला पुढच्या रांगेत उभं असल्याचं बरं वाटेना.

"मला म्हणाला, दुकानाची पूजा हाय," त्या म्हणाल्या.

काका ओट्यावर बसले. पक्कड मांडीवर. मोडता येत नव्हतं आणि मोडल्याशिवाय बोलायचं नाही हेही त्यांचंच. जन्मात पहिल्यांदा हा माणूस गप्प बसलेला गाव बघत होतं, आणि गावाला फार आवडत होतं.

"सांगा की काका," शंभुलिंग म्हणाला. "इरली का बेडा?"

मागनं कुणीतरी पिंक टाकली, "पोराचा माल हाय. आता कशाला हात उचलंल?"

त्यांनी मान खाली घातली. डोळ्यावरची पट्टी नुकतीच निघालेला, कपाळाला विभूती लावलेला म्हातारा, आणि त्याचा शब्द त्याच्याच पोरानं बांधून ठेवलेला. एवढंच एक त्याच्यापाशी होतं आणि ते आम्ही सगळे मिळून काढून घेत होतो. कुणाला लाज वाटली नाही.

तेवढ्यात घासत, फरफटत काहीतरी येण्याचा आवाज झाला. काकू मागच्या अंगणातली लाकडी डोणी ओढत आणत होत्या. पूर्वी म्हैस होती तेव्हा ती त्यात पाणी प्यायची. कुणी हात लावला नाही. त्यांनी ती दुकानाच्या दाराशी, पाटीच्या बरोब्बर खाली आणून टेकवली आणि दोन घागरी पाणी ओतलं.

"मूर्ती भंगली तर काय करतेत?" त्यांनी शंभुलिंगला विचारलं.

"पाण्यात सोडतेत."

"मग? इबत्ती म्या लावलीया, म्या सांगते. दसरा झाला की वापरा. ज्याचं भंगंल त्यानं घरात ठिवायचं न्हाय, भंगारात घालायचं न्हाय. हितं आणून सोडायचं. हात जोडून."

काकांनी मान वर केली. बायकोकडं त्यांनी असं कधी बघितलं नसावं. मग पक्कड शंभुलिंगच्या हातात परत दिली.

"करंटला तेवढी लावू नगंस," ते म्हणाले. "बाकी तुजा हातच सांगंल तुला."

दसरा झाला. पहिला मान शंभुलिंगचा. घरट्याला खिळा मारताना हातोडीचं डोकं उडालं आणि त्याच्याच दुकानातली गोळ्यांची काचेची बरणी फोडून गेलं. तो दांडा एका हातात आणि डोकं दुसऱ्या हातात घेऊन आला, चारचौघांत डोणीपुढं उभा राहिला, दोन्ही पाण्यात सोडली आणि हात जोडले. महांतेश गल्ल्यावर मोबाइलमध्ये बघत राहिला. मग माझा पेचकस. रेडिओच्या एका गंजक्या स्क्रूपुढं त्याला चकलीसारखा पीळ बसला. मीही गेलो, हात जोडले. मग ड्रिलची टोकं, पटाश्या, करवतीची पाती, दात गेलेल्या पकडी. पाणी तांबडं झालं. काकू रोज सकाळी त्यात एक घागर घालायच्या आणि फूल टाकायच्या.

स्टँडवर उतरलेले परगावचे लोक विचारायला लागले, हे कुठलं देवस्थान. येरमाळ्याकडच्या एका बाईनं तर हळदकुंकू वाहून नमस्कार केला आणि पोराच्या नोकरीसाठी काहीतरी पुटपुटली. बिजागरी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी डोणीत डोकावायचं, मग पाटी वाचायचं आणि बिजागरी न घेताच हसत जायचं. पूजलेला माल परत घेतला जाणार नाही म्हणे! सगळा माल एकेक करून दाराशी परत येत होता.

डोणीत न आलेले फक्त पाने, क्लॅम्प आणि मोजायचा टेप. काका ओट्यावर बसून पाण्यात वाकून बघायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "पाने न्हायती. इरली." बरोबर ठरल्याचा त्यांना आनंद झाला असेल, पण तो दाखवून आमचा मान वाढवायची त्यांची तयारी नव्हती.

एकदा मी दुकानात असताना महांतेश आईवर चिडला. "अव्वा, उचल की ती डोणी. गिऱ्हाईक हसतंय मला."

"तुला हसंना कुणी," काकू म्हणाल्या. "माज्या इबत्तीला हसतेत."

त्या दिवसानंतर छातीवर कंपनीचं नाव असलेला शर्ट मला दिसला नाही. उरलेले निळे डबे त्यानं विकले नाहीत, मागं नेऊन रचले. पण पाटी तशीच होती. पाटी काढायची म्हणजे चुकलो असं वर चढून सांगायचं, आणि ते त्याच्यानं होत नव्हतं.

गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. महांतेशनं पहाटे उठून तराजू, मापं, पाइप कापायचं यंत्र, सगळं धुतलं आणि दुकानात पाटावर मांडलं. झेंडूची माळ लावली. आई ताट घेऊन येईल म्हणून वाट बघत बसला. काकू ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच बसल्या.

"डोणी भरलीया," त्या म्हणाल्या. "आदी ती."

त्यानं बापाकडं बघितलं. काका वाइसवरची धूळ पुसत होते, जणू दुकानात कुणी नाहीच.

महांतेश उठला. बाह्या वर करून त्यानं डोणीत हात घातले, गंजकी हत्यारं पोत्यात भरली, चप्पल काढली आणि पोतं डोक्यावर घेतलं. गावाबाहेर पडका आड आहे, तिथवर बाजारातनंच जावं लागतं. पोत्यातनं तांबडं पाणी त्याच्या तोंडावर ओघळत होतं. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. तेच लोक, ज्यांनी पिशव्या भरून डबे नेले होते. शंभुलिंग ओरडला, "का रं महांतेश, इरली का बेडा?" आणि सगळा बाजार खदखदला. शंभुलिंगच्या दुकानात तेव्हाही ताडपत्रीवरनं आणलेला नवा सेट पडला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. अशा माणसांना कुठला वाइस पुरणार?

एका पोत्यात मावलं नाही. तो पुन्हा पुन्हा आला आणि गेला. शेवटच्या खेपेला मी त्याच्यामागं आडापर्यंत गेलो, म्हटलं बघावं तरी. पोतं उपडं करून मोकळं होईल असं मला वाटलं होतं. तसं त्यानं केलं नाही. काठाला बसून एकेक नग हातानं खाली सोडला आणि दर वेळी हात जोडले. तिथं त्याला बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी आलोय हे त्याला माहीत नव्हतं.

परत आल्यावर त्यानं आधी स्टुलावर चढून पाटी काढली. मग रिकामी डोणी पालथी घातली आणि ओट्यापुढं येऊन उभा राहिला. कोपरापर्यंत गंज, डोक्यात गंज, पाय चिखलानं भरलेले.

काकू उठल्या. त्यांनी दुकानातल्या तराजूकडं बघितलं नाही, मापांकडं बघितलं नाही. पदरानं पोराचं कपाळ पुसलं, ताटातली विभूती बोटांवर घेतली आणि तिथं तीन पट्टे ओढले.

गुंडाप्पाकाकांनी वाइसचं हँडल सोडलं. पोराला वरपासनं खालपर्यंत बघितलं, नासलेलं काहीतरी बघावं तसंच.

"लावलीस इबत्ती," ते बायकोला म्हणाले. "झालं. आता ह्याला मोडता बी येत न्हाय आन् परत बी करता येत न्हाय. इरली."